शुक्रावरची चिंच

एडमंड वॉल्ग्रेव्ह नावाचा इंग्रज चित्रकार मरून शंभरावर वर्षं झाली होती, पण अबुधाबीच्या खलिफा सिटीत देवस्थळींच्या घरी त्याचा धाक एखाद्या खडूस सासऱ्यासारखा होता. मंजुषा देवस्थळी उठता-बसता त्याचे दाखले द्यायची. नवऱ्याने, निनादने, दुर्बिणीची काच सदऱ्याच्या टोकाने पुसली की “वॉल्ग्रेव्हने असं कधी केलं नसतं,” आणि लेक अस्मी ताटात अर्धी पोळी टाकून उठली की त्यावरही वॉल्ग्रेव्हचं काहीतरी निघायचंच. “आई, प्लीज, नॉट द डेड गाय अगेन,” असं म्हणत अस्मी खोलीचं दार लावून घ्यायची. शारजाच्या कॉलेजातून ती शनिवार-रविवारी घरी यायची, आणि तेवढ्यातही तिला हा मेलेला माणूस नको व्हायचा.

माणूस मात्र होता नमुनेदार. राणी व्हिक्टोरियाच्या काळात श्रीमंतांच्या बायकांची चित्रं काढून पोट भरायचं, उन्हाळ्यात हौसेने समुद्र रंगवायचा, आणि वर्षभर त्याहून मोठ्या हौसेने ग्रह बघायचे. परसात जिथे बायकोने कोबी लावला होता तिथला कोबी उपटून त्याने दुर्बीण बसवली. त्या दिवसांत मंगळावर सरळ रेघा दिसतात अशी टूम निघाली होती. एकाला दिसल्या, मग दहांना दिसल्या, मग ज्याला दिसत नाहीत त्याच्याच डोळ्यांत खोट, असं ठरून गेलं. वॉल्ग्रेव्हला दिसेनात. दोन रंग जिथे भेटतात तिथे डोळा आपल्या मनाने रेघ ओढतो, हे चित्रकाराला कुणी शिकवायला लागत नाही. “मला दिसत नाही ते मी काढणार नाही,” असं त्याने भर सभेत सांगितलं आणि निम्मे मित्र घालवले.

मंजुषाला तो पहिल्यांदा भेटला तो मात्र मंगळामुळे नाही, सूर्यामुळे. त्याने एक मावळता सूर्य रंगवला होता, आणि बुडत्या सूर्याच्या वरच्या काठाला हिरव्या रंगाची बारीक किनार दिली होती. हिरवा सूर्य! लंडनच्या प्रदर्शनात लोक हसून बेजार झाले. तेव्हा त्याची बायको हॅरिएट, जिने जन्मात चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, ती त्या चित्रापाशी उभी राहून म्हणाली, “मी त्यांच्या शेजारी होते. मीही पाहिली.” एवढंच. मंजुषा व्याख्यानात हे सांगायची तेव्हा इथे थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची, आणि सभागृहात हमखास टाळ्या पडायच्या.

तिने ही किनार स्वतः पाहिली होती. लग्न होऊन ती रुवैसला आली तेव्हा पहिल्या तीन महिन्यांतच तिने परतीचं तिकीट मागितलं होतं. एका बाजूला रिफायनरी, दुसऱ्या बाजूला वाळू, मधे कंपनीची क्वार्टर्स. पुण्यात चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या मुलीने तिथे बघायचं तरी काय? तिकीट काढायचं ठरलं त्याच संध्याकाळी निनाद तिला समुद्रावर घेऊन गेला. हवा काचेसारखी होती. सूर्य बुडाला आणि बुडता बुडता, डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ, त्याच्या माथ्यावर हिरवं काहीतरी चमकून गेलं. दोघं एकदमच ओरडले, असं मंजुषा सांगते. ज्या माणसाच्या शेजारी उभं राहून हे दिसलं त्याला सोडून कुठे जायचं, असं तिला वाटलं, आणि तिकीट राहिलं ते राहिलंच. पुढे रुवैसच्या वाचनालयात एका जाडजूड पुस्तकात वॉल्ग्रेव्हचं ते चित्र दिसलं तेव्हा ती तिथेच रडली होती.

त्यामुळे पुढे दुर्बीण घेतली तीही दोघांनी मिळून आणि नेम पाळला तोही वॉल्ग्रेव्हचाच. तो आणि हॅरिएट पाठीला पाठ लावून बसायचे. आधी एकाने दुर्बिणीतून बघायचं, वळून बसायचं, काढायचं. मग दुसऱ्याने. दोघांचं संपेपर्यंत कुणी कुणाच्या कागदाकडे बघायचं नाही, बोलायचंही नाही. मग कागदांची अदलाबदल करायची आणि एकमेकांच्या चित्राखाली साक्षीदार म्हणून सही करायची. एकाचं बघणं म्हणजे मत, दोघांचं बघणं म्हणजे साक्ष, असं वॉल्ग्रेव्ह म्हणायचा.

निनादला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. सगळी नोकरी त्याने रिफायनरीत सेफ्टीमध्ये काढलेली. टाकीत माणूस उतरवायचा तर आतला गॅस दोघांनी वेगवेगळा मोजायचा आणि वेगवेगळी सही करायची, हा त्याच्याकडचा कायदा. एका सुपरवायझरने पहिल्याचा आकडा बघून मीटरला हातही न लावता सही ठोकली, तर निनादने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. स्वतः घरी येऊन निनाद त्या दिवशी जेवला नव्हता. “दुसरा माणूस कशाला ठेवतात मग?” एवढंच म्हणत राहिला होता. मंजुषाला तेव्हा आपल्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता.

पुढे निनादची बदली हेड ऑफिसला झाली, मंजुषाला इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवण्याची नोकरी मिळाली आणि व्हिलाच्या वरच्या मजल्यावर गच्चीसकट घर मिळालं. विमानतळ जवळ, त्यामुळे दर थोड्या वेळाने एखादं विमान शुक्राच्या बाजूने खाली उतरायचं. सूर्य मावळला की दोघं गच्चीवर जायची. निनाद आधी एसी बंद करायचा, कारण बाहेरच्या युनिटची गरम हवा वर आली की दुर्बिणीतला ग्रह लटपटायला लागतो. मग दोन प्लॅस्टिकची स्टुलं, काळा कागद, पांढरा खडू. पहिला नंबर मंजुषाचा. तिचं काढून झालं की ती कागद पालथा घालून त्यावर पट्टी ठेवायची आणि चहा टाकायला आत जायची. तोवर निनाद बघायचा आणि काढायचा. ती चहा घेऊन येईपर्यंत त्याचं झालेलं असायचं.

अशाच एका हिवाळ्यात शुक्रावर चिंच दिसली.

शुक्र म्हणजे नुसता ढगांचा गोळा, दुर्बिणीतूनही पांढराशुभ्र आणि कोरा. नावाजलेल्या लोकांनाही त्यावर काही दिसत नाही. पण मंजुषाला त्याच्या उजेडातल्या भागावर, खालच्या बाजूला, एक फिकट करडी सावली दिसली. किंचित वाकडी, मधे फुगीर, पिकलेल्या चिंचेसारखी. पहिल्या संध्याकाळी तिने काढली, निनादच्या कागदावर काहीच नव्हतं. ती काही बोलली नाही, पण दोन दिवस घरात तिचा चेहरा उतरलेला होता. तिसऱ्या दिवशी निनादच्या कागदावर चिंच होती. थोडी फिकी, जराशी बाजूला सरकलेली, पण होती. मंजुषाने त्या संध्याकाळी शिरा केला.

मग चिंच रोजची झाली. तो हंगाम गेला, शुक्र पहाटेकडे गेला, पुन्हा संध्याकाळी आला, तरी चिंच जागच्या जागी. दुबईच्या आकाशनिरीक्षक मंडळींचा म्होरक्या वासिफ नावाचा एक कराचीचा गृहस्थ होता, काटेकोर आणि खवचट. त्याने चित्रांची जोडी-जोडी लावून पाहिली. “भाभीजी, अकेले आपकी ड्रॉइंग होती तो मैं मानता नहीं,” तो म्हणाला. “लेकिन निनाद भाई को भी वही दिख रहा है, और थोड़ा डिफरंट दिख रहा है. कॉपी में डिफरन्स नहीं होता.” इंग्लंडमधल्या निरीक्षकांच्या एका जुन्या मासिकाकडे त्याने दोघांच्या नावाने टिपण पाठवलं आणि ते घेतलंही गेलं. छापण्याआधी येत्या शनिवारी अबुधाबीतच एका सभागृहात मंजुषाचं व्याख्यान ठरलं. आधी वॉल्ग्रेव्हचं चरित्र, मग हिरवी किनार, मग हॅरिएट, आणि शेवटी भिंतीवर चित्रांच्या जोड्या. ज्या इंग्रजाच्या नेमाने आपण बसलो त्याच्याच देशात आपलं आणि निनादचं नाव शेजारी शेजारी छापून येणार, या विचाराने तिला शाळेत वर्गावरही हसू फुटायचं.

त्याच आठवड्यात ती चष्म्याचा नंबर बदलायला गेली. डॉक्टर लायबा हैदराबादच्या, बोलायला गोड. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाल्या. “अभी बहुत छोटा है, टेंशन मत लीजिए,” असं म्हणत त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. पन्नाशीनंतर असं कुणाकुणाला होतं, असं काहीतरी त्या सांगत होत्या. मंजुषा ऐकत नव्हती. स्क्रीनवर तिच्याच डोळ्याचं भिंग होतं, चंद्राएवढं मोठं केलेलं, आणि त्यात एक करडी सावली. किंचित वाकडी, मधे फुगीर.

त्या संध्याकाळी निनादला ऑफिसात उशीर होता. मंजुषा एकटीच गच्चीवर गेली. नेहमीसारखं उजव्या डोळ्याने पाहिलं तर चिंच होती. तिने दुर्बिणीला हात न लावता नुसती मान कलती केली, तर चिंचही कलती झाली. ग्रह कलला नाही, चिंच कलली. मग तिने डावा डोळा लावला. शुक्र स्वच्छ, कोरा, धुतलेल्या बशीसारखा.

तिला रडू आलं, पण खरं सांगायचं तर फार नाही. लाज वाटली, हसूही आलं. दोन हंगाम आपण आपलाच डोळा काढत बसलो! वासिफला फोन करून सांगायचं, तो चार दिवस चिडवेल, मासिकाला कळवायचं, संपलं. चुकीला वॉल्ग्रेव्हने कधी नाक मुरडलं नाही. चुकलं तर चुकलं म्हणायचं, एवढीच त्याची अट होती. शनिवारी हेच सांगायचं, असंही तिने ठरवून टाकलं. लोक हसतील, आपणही हसू. ती आत जायला वळली, आणि उंबऱ्यापाशी थबकली.

चिंच माझ्या डोळ्यात आहे. मग निनादला कुठे दिसली?

त्याचे डोळे तर ठणठणीत होते, कंपनीच्या तपासणीत दरवर्षी पास. आणि एकाच्या डोळ्यातली सावली दुसऱ्याला दिसत नाही. ती उंबऱ्यावरच बसली. उतरलेल्या चेहऱ्याच्या त्या दोन दिवसांनंतरचा तो तिसरा दिवस तिला आठवला. पालथा कागद आठवला, पट्टी आठवली. चहाला उकळी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आठवला. तरी मन मानेना. दिवसभराच्या कामाने थकलेला डोळा असेल, भास असेल, तिचं बोलणं ऐकून मनात बसलं असेल. मंगळाच्या रेघा तर किती शहाण्या माणसांना दिसल्या होत्या. ज्या माणसाने सही ठोकणाऱ्याला घरी पाठवलं, तो असं करेल? ती स्वतःशीच वकिली करत राहिली, आणि प्रत्येक मुद्द्यावर हरत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने जे केलं ते वॉल्ग्रेव्हने केलं नसतं.

नेहमीसारखा निनादने एसी बंद केला. नेहमीसारखी ती आधी बसली. तिने डाव्या डोळ्याने शुक्र पाहिला, कोरा पाहिला, वळली, आणि काळ्या कागदावर अर्धगोल काढून त्यात खाली चिंच काढली. मग वरच्या टोकापाशी एक करडा ठिपका काढला, मसुराएवढा. न दिसलेली गोष्ट तिने आयुष्यात पहिल्यांदा काढली होती. खडू नेहमीसारखाच फिरला, याचंच तिला वाईट वाटलं. कागद पालथा घातला, पट्टी ठेवली, आत गेली. गॅसवर आधण ठेवलं आणि नेहमीपेक्षा जास्त आलं किसत राहिली. खिडकीतून गच्ची दिसत होती, पण तिने तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर चहा बाहेर नेण्याआधीच सगळं संपलं असतं, आणि तिला अजून एक चहाभर वेळ हवा होता. देवा, नुसती चिंच असू दे, ती मनात म्हणाली. चिंचेची सवय झाली असेल त्याला. ठिपका नसू दे.

ती कप घेऊन आली. कागदांची अदलाबदल झाली.

ठिपका होता. थोडा फिका, जरासा बाजूला.

“आज वरती काहीतरी नवीन आहे ना?” निनादच उत्साहाने म्हणाला. “ठिपका टाइप. आय वॉजन्ट शुअर, पण मग म्हटलं नाही, आहे. वासिफला सांगू या, शनिवारच्या आधी.”

मंजुषाने कप खाली ठेवला. “मला तो दिसला नाही,” ती म्हणाली. “मी तो मनाने काढला.”

समोरच्या मशिदीतली अजान संपत आली होती. निनादने कागदाकडे पाहिलं, मग पट्टीकडे. त्याच्या चेहऱ्यावरून उत्साह उतरला, आणि त्याखाली जे होतं ते आश्चर्य नव्हतं. पकडलं गेल्याची भीतीही नव्हती. सुटकेसारखं काहीतरी होतं, आणि त्यानेच मंजुषाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने त्याला डॉक्टरांची गोष्ट सांगितली, स्क्रीनवरची चिंच सांगितली, कललेली मान सांगितली.

मग तो बोलायला लागला तेव्हा थांबेना. शुक्रावर त्याला कधीच काही दिसलं नव्हतं. पहिल्या दिवशी खरं तेच काढलं तर तिचा चेहरा असा पडला की घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं. अस्मी शारजाला गेल्यापासून तिचं जे काही होतं ते या गच्चीवरच होतं, ते त्याला दिसत होतं. एक चिंच काढली तर काय बिघडलं, असं त्याला वाटलं. मग एकीच्या दोन झाल्या, मग वासिफ आला, मग मासिक आलं, आणि मागे फिरायला रस्ताच राहिला नाही. “तुझ्यासाठीच केलं गं. यू वेअर सो हॅपी,” तो म्हणाला.

“फिकी का काढायचास?” मंजुषाने विचारलं.

“काय?”

“माझ्यापेक्षा फिकी. आणि जराशी बाजूला. दर वेळी.”

निनादने हातातला खडू पट्टीशेजारी ठेवला. “सेम टू सेम असती तर तुला संशय आला असता,” तो शेवटी म्हणाला.

हे मात्र तिला सोसलं नाही. कागद उलटून बघणं एक वेळ प्रेमापोटी झालं असेल. पण ती जराशी बाजू, तो जरासा फिकेपणा, हे मोजून-मापून केलेलं होतं. ती आल्याचा चहा गाळत असताना हा तिचा विश्वास कसा टिकेल याचं गणित करत होता. आणि तिने प्रत्येक कागदाखाली सही केली होती, साक्षीदार मंजुषा देवस्थळी. तिला आपल्या सगळ्या संध्याकाळी एकदम वेगळ्या दिसायला लागल्या. पाठीला पाठ लावून दोघं बसलोय असं तिला वाटत होतं. बघत मात्र ती एकटीच होती.

“रुवैसला त्या माणसाला तू घरी पाठवलं होतंस,” ती म्हणाली. “मीटर न बघता सही केली म्हणून. जेवला नव्हतास त्या दिवशी.”

“तिथे माणूस मेला असता, मंजू.”

“इथे कोण मरणार होतं, असंच ना?”

तिने तिथल्या तिथे वासिफला फोन लावला आणि टिपण मागे घ्यायला सांगितलं. मोतीबिंदूचं सांगितलं. वासिफ हुशार माणूस, त्याने पलीकडून लगेच विचारलं, “और निनाद भाई की ड्रॉइंग्ज?” मंजुषाने नवऱ्याकडे बघत सांगितलं, “वो भी मेरी ही हैं.” शनिवारचं काय, असं त्याने विचारलं. व्याख्यान देईन, ती म्हणाली, चित्रं लावायची नाहीत.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की शनिवारी हॅरिएटपाशी यायचं आहे. मी त्यांच्या शेजारी होते, मीही पाहिली. पाण्याचा घोट, टाळ्या. आजवर तिला कधी सुचलं नव्हतं की हॅरिएटला खरंच काही दिसलं होतं का, हे कुणी तिला विचारलंच नाही. आणि त्या विचाराच्या मागोमाग दुसरा विचार आला, जो तिला नको होता.

दोघं एकदमच ओरडलो होतो? आठवणीत ती पुन्हा त्या समुद्रावर जाऊन उभी राहिली. आधी ती ओरडली होती. हिरवं, वरती हिरवं, असं तिने सांगितलं होतं, बोटाने दाखवलंही होतं. मग तिने त्याच्याकडे वळून विचारलं होतं, दिसलं तुला? आणि मग तो म्हणाला होता, दिसलं ना.

निनाद स्टुलावर बसला होता, कप हातात, चहा गार झालेला. मागे शुक्र खाली खाली चालला होता. तिला वाटलं, विचारू नये. जे उरलंय ते तरी राहू दे.

“निनाद,” ती म्हणाली, “रुवैसची ती हिरवी किनार तुला दिसली होती का?”

त्याने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट, एकटक, पट्टी सरकवून कागदाची कड उचलून बघावं तसं. तिथे काय लिहिलंय ते तो वाचत होता. त्याचं वाचून झाल्याचं तिला कळलं.

“दिसली होती ना,” तो हळूच म्हणाला.

मंजुषाने दुर्बिणीवर झाकण घातलं, स्वतःचं स्टूल उचललं आणि आत जाऊन एसी लावला.